समोर बसून सांगायचं

ज्याने जन्मभर दुसऱ्यांना गोल करू दिले नाहीत, अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो हे मीनलला लग्नानंतर लवकरच कळलं. तो मागे हटत नाही आणि अंगावरही येत नाही. आपली जागा धरून उभा राहतो, आणि समोरचा दमला की चेंडू प्रेक्षकांत भिरकावून मोकळा होतो. सिंगापूरला पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटमधले पडदे बदलायचा विषय मुलगी ऋचा शाळेत होती तेव्हापासून असाच प्रेक्षकांत पडून होता. आता ऋचा सिडनीत नोकरीला लागली, पडदे तेच आहेत.

कॅलम हे त्याचं नाव. मीनलच्या आईला ते शेवटपर्यंत जमलं नाही. चिंचवडच्या घरी जावई पहिल्यांदा आला तेव्हा तिने दोनदा नाव विचारलं आणि तिसऱ्यांदा सरळ त्याचा कमलाकर करून टाकला. दाराच्या चौकटीला टेकेल एवढा उंच, तांबड्या केसांचा, मोडून बसलेल्या नाकाचा हा कमलाकर मांडी घालता येईना म्हणून पाय लांब करून पंगतीत बसला आणि सासूने वाढलं तेवढं निमूटपणे जेवला. त्या मुक्कामात तो तीन मराठी शब्द शिकला: ‘बस’, ‘जेव’ आणि ‘पुरे’. पहिले दोन घरी येईल त्याच्यावर वापरायचा. तिसरा त्याने स्वतःच्या बाबतीत कधी वापरला नाही, आणि पुढची सगळी कथा त्यामुळेच झाली.

तो स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका खाणीच्या गावचा. बाप खाणीत, दोन्ही काका खाणीत. हा सोळाव्या वर्षी फुटबॉलच्या क्लबात लागला म्हणून सुटला. लागला म्हणजे काय, तर थोरल्या खेळाडूंचे बूट घासायला लागला. तिथली रीतच तशी होती. आधी दुसऱ्याच्या बुटांचा चिखल काढायचा, मग कधीतरी स्वतःच्या बुटांना चिखल लावायला मिळायचा. बूट घासायची सवय त्याला जी लागली ती लागलीच. पुढे तो मधल्या फळीच्या मागे, बचावात उभा राहिला तो पंधरा-सोळा वर्षं तिथेच. मोठे क्लब त्याच्या वाट्याला आले नाहीत. खालच्या लीगमधली ओली मैदानं आणि वरून येणारे जड चेंडू आले. हवेतून येणारा प्रत्येक चेंडू आपलाच, अशी त्याची समजूत होती. सामन्यात तर डोकं लावायचाच, पण सरावातही संध्याकाळ होईपर्यंत तेच.

आणि मग एका शनिवारी तो किटची पिशवी घेऊन मैदानावर पोचला तर भिंतीवरच्या अकरा नावांत त्याचं नाव नव्हतं. संघाचा मॅनेजर समोरूनच गेला. वाऱ्याबद्दल काहीतरी बोलला आणि पुढे सटकला. अखेर चहा करणाऱ्या बाईने त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “तुला काढलंय रे पोरा. कुणी बोललं नाही का?”

काढल्याचं दुःख त्याला होतंच. पण चहावालीला माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं, हे त्याच्या काळजाला लागलं. कितीही वर्षांनी सांगितलं तरी हे सांगताना त्याचे कान लाल व्हायचे.

सिंगापूरमध्ये तेव्हा व्यावसायिक लीग नव्याने सुरू झाली होती आणि बाहेरचे खेळाडू हवे होते. कॅलम आला. मीनल त्याच सुमाराला एम्प्लॉयमेंट पासवर अकाउंटंट म्हणून आलेली. ऑफिसजवळ, तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जेवणाच्या गर्दीत टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली, हे तिने पहिल्या आठवड्यात शिकून घेतलं होतं. एक दिवस ती ट्रे घेऊन आली तर तिच्या खुर्चीवर हा तांबडा गडी बसलेला, आणि तिच्याच टिश्यूत नाक शिंकरत होता. रीत समजल्यावर तो इतका ओशाळला की तिचं जेवण संपेपर्यंत स्वतःचा ट्रे हातात धरून शेजारी उभा राहिला. शेवटी मीनललाच लाज वाटली. “बसा आता,” ती म्हणाली. लग्नानंतरही घरात त्यांचं बोलणं इंग्रजीतच चाले. पण एकाचं इंग्रजी चिंचवडचं आणि दुसऱ्याचं खाणीतलं, त्यामुळे पहिली काही वर्षं दोघांना एकमेकांचं निम्मंच कळायचं. संसार धड चालला याचं श्रेय मीनल न कळलेल्या निम्म्याला द्यायची.

गुडघे गेले तसा तो मॅनेजर झाला, आणि मीनलची खरी फरपट सुरू झाली. मॅनेजर म्हणजे नोकरी लागल्या दिवसापासून जाण्याची वाट पाहणारा माणूस. आज इथला क्लब, उद्या मलेशियातला, मग ब्रुनेई, मग मालदीव, मधे वर्षभर घरी. त्याला विमानतळावर सोडायचं, त्याला विमानतळावरून आणायचं, ऋचाला ताप आला की एकटीने धावायचं, आणि सकाळी पुन्हा एमआरटीच्या मेट्रोत बसून तांजोंग पगार गाठायचं. त्याला काढलं की तो ते घरात सांगत नसे. कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्र पसरायचा आणि बूट घासत बसायचा. मीनल लिफ्टमधून बाहेर पडली आणि दारात तो कागद दिसला की ओळखायची. त्याला कुणी फोनवर काढलं, कुणी मेसेजवर, एकाने तर परस्पर पेपरात छापून.

त्याने मात्र कुणालाही असं वगळलं नाही. संघात कितीही किरकोळ खेळाडू असो, त्याला बाहेर बसवायचं असेल तर कॅलम आधी दोन खुर्च्या शोधायचा. समोरासमोर बसायचं. आधी निर्णय, मग कारण. मधे ‘पण’ नाही, गोडगोड नाही. “तू आज खेळत नाहीस. हे माझं ठरलं आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव.” मग हात मिळवायचा. मीनल त्याला म्हणायची, उभ्या उभ्या सांगितलं तर काय बिघडेल? यावर तो म्हणायचा, “उभा माणूस पळायच्या तयारीत असतो. ज्याला पळायचं नाही तो बसतो.”

शेवटी सगळ्या लीग, सगळे अध्यक्ष आणि सगळी विमानं संपली तेव्हा त्याला विक्रांत भेटला. विक्रांत मुंबईचा, जुरोंग आयलंडवर एका रिफायनरीत इंजिनिअर. त्याच्यासारख्याच पास दाखवून कंपनीच्या बसने कामावर जाणाऱ्या मंडळींचा त्याने एक रविवारचा संघ काढला होता. निम्मे मराठी, बाकीचे इकडचे तिकडचे. पोटं सुटलेली, उत्साह दांडगा. कॅलमने त्यांना हातात घेतलं. मोबदला म्हणजे सामन्यानंतर हॉकर सेंटरमधली कॉफी आणि टोस्ट. मीनलला वाटलं, आता तरी हा माणूस दर रविवारी दुपारी घरी असेल. आणि खरंच असायचा. ती तिच्या आयुष्यातली बरी वर्षं होती, हे तिला ती संपत आल्यावर समजलं.

सुरुवात नावांनी झाली. मधल्या फळीतल्या अमेयला तो डेव्ही म्हणू लागला. डेव्ही कोण, तर तिकडच्या खाणीच्या गावातला त्याचा जुना जोडीदार. सगळे हसायचे, अमेयही ‘येस बॉस’ म्हणून डेव्ही व्हायचा. मग एका रविवारी कॅलमने राजस नावाच्या पोरसवदा इंजिनिअरला दोन खुर्च्या मांडून, हात मिळवून, तू आज खेळत नाहीस म्हणून सांगितलं. आणि सामना सुरू झाल्यावर राजस मैदानात का नाही म्हणून सगळ्यांवर खेकसला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, स्कॅन पाहिला आणि विचारलं, चेंडू डोक्याने मारायचात का? कॅलम हसला. “तेवढंच तर करायचो.” डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, एका माणसाबद्दल ठामपणे सांगता येत नाही, पण तुमच्यासारख्या जुन्या बचावपटूंमध्ये हे जास्त दिसतं. आजार पुढे जाणार, मागे फिरणार नाही. परतताना कॅलम गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “चांगला मुलगा आहे. बसून सांगितलं त्याने.” पासिर रिस येईपर्यंत तो डॉक्टरांकडे जाऊन आल्याचं विसरला होता. मीनल विसरली नव्हती. दोघांपैकी एकाला सगळं लक्षात ठेवावं लागतं, आणि हे काम तिच्याकडे आलं.

विक्रांत तिच्या ऑफिसखाली येऊन भेटला. बिचारा चाचरत होता. “मीनलताई, मुलं काही बोलत नाहीत. पण दोन सामने आम्ही… म्हणजे सरांमुळे असं नाही, पण…”

“थांबवायचं आहे ना त्याला?”

“हो. पण तुम्ही काळजी करू नका. आम्ही अगदी सन्मानाने करू. त्यांना काही सांगायची वेळच येणार नाही.”

मीनलला खरं तर तेव्हाच म्हणता आलं असतं, की त्याला सांगावंच लागेल. पण ती थकली होती. कुणीतरी दुसरं करतंय, करू दे, असं तिला वाटलं, आणि त्या दिवशी एमआरटीत तिला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. पासिर रिस शेवटचं स्टेशन आहे म्हणून बरं, झोपलेला माणूस पुढे कुठे जात नाही.

विक्रांतच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये सत्कार झाला. काय नव्हतं त्यात? शाल होती, नारळ होता, पुष्पगुच्छ होता, विक्रांतच्या बायकोने, प्रणिताने, ओवाळलंसुद्धा. जो तो उठून इंग्रजीतून सरांनी आम्हाला काय काय दिलं ते सांगत होता. सरांनी आता स्वतःसाठी वेळ काढावा, पासिर रिसच्या समुद्रकाठी फिरावं, मीनलताईंना घेऊन जग बघावं. पुण्या-मुंबईत ज्याच्या खांद्यावर अशी शाल पडते त्याला पुढचं सांगावं लागत नाही. तो दुसऱ्या दिवशी खुर्ची मोकळी करतो आणि शाल कपाटात ठेवतो. आपल्याकडे नारळ दिला म्हणजे काय दिलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त ज्याला दिला तो खाणीच्या गावचा होता, आणि ही साधी गोष्ट त्या भरल्या खोलीत एकाच्याही डोक्यात आली नाही. मीनलच्याही नाही.

कॅलम उठला. शालीत तो भलताच देखणा दिसत होता. आवाज जरा जड झाला होता. म्हणाला, “मला आजवर बऱ्याच क्लबांनी काढलं. पण असा मान कुणी केला नाही. तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास टाकलात, मी तुम्हाला पुढच्या सीझनमध्ये वर नेऊन दाखवतो. मंगळवारपासून सराव. उशिरा येईल त्याला मैदानाला फेऱ्या.”

मग काय करावं ते न सुचून विक्रांतने टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवली. अमेय खाली मान घालून टाळ्या वाजवत होता. घरी येताना कॅलमने नारळ मांडीवर धरला होता. मीनलने दुसऱ्या दिवशी त्याची चटणी केली, आणि दोघांनी ती इडलीबरोबर खाल्ली.

मंगळवारी ती ऑफिसातून आली तर घर रिकामं. संघाच्या सरावाचं टॅम्पिनीसचं शाळेचं मैदान जवळच होतं, ती तशीच पर्स घेऊन तिकडे गेली. संध्याकाळचं ऊन अजून होतं. कॅलमने मैदानभर केशरी प्लास्टिकचे कोन ओळीत मांडले होते आणि शिट्टी गळ्यात अडकवून तो मधोमध उभा होता. दुसरं कुणीही नव्हतं. “उशीर झालाय त्यांना,” तो म्हणाला. “जुरोंगहून बस उशिरा सुटली असेल.” मीनलने बाजूला जाऊन विक्रांतला फोन लावला.

“ताई, आम्ही सराव तिकडे जुरोंगला हलवलाय. मुलांना प्रवासाला बरं पडतं. आणि… नवा कोच तिकडेच राहतो.”

“आणि हे कॅलमला कोण सांगणार होतं?”

“ताई, आम्हाला वाटलं, एवढा कार्यक्रम केला…”

“चहावालीने तरी सांगितलं होतं त्याला!” मीनल ओरडली. विक्रांतला अर्थातच काही कळलं नाही. तिने फोन बंद केला. राग विक्रांतवर नव्हताच. ज्या माणसाने कधी कुणाला आडून काढलं नाही, त्याला तिने स्वतः, ओवाळू देऊन, टाळ्या वाजवून आडून काढलं होतं. तिला रडू आलं, आणि रडून झाल्यावर तिने एकेक कोन गोळा केला, कारण अंधार पडायच्या आत मैदान मोकळं करून द्यावं लागतं.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. त्याने खुर्च्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बसला. तो काय ते समजला होता.

“कॅलम, तू आता त्या संघाचा मॅनेजर नाहीस. हे कायमचं आहे. तुझ्या डोक्याला आजार झालाय, तुला नावं राहत नाहीत, निर्णय राहत नाहीत. रागवायचं तर माझ्यावर रागव.”

तो रागावला नाही. म्हणाला, “मी त्यांना हरवलं का? माझ्यामुळे?”

“दोन वेळा.”

त्याने मान हलवली. उठला, हात पुढे केला. मीनलने तो हातात घेतला. “तोंडावर सांगितलंस,” तो म्हणाला. “आभारी आहे.” मग तो कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्र पसरून बूट घासायला बसला. मीनलला वाटलं, संपलं. अवघड होतं, पण झालं.

रविवारी सकाळी तो बूट चढवून दारात उभा. “चल, किकऑफ चुकेल.”

तिने पुन्हा खुर्च्या ओढल्या. पुन्हा सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून उमटलं. तोच धक्का, तोच प्रश्न, तोच पुढे आलेला हात. त्याच्यासाठी ते प्रत्येक वेळी नवं होतं. तिच्यासाठी मात्र नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतरच्या रविवारीही. शनिवारी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ती उद्याची वाक्यं मनात जुळवत पडायची. स्वतःच्या नवऱ्याला दर आठवड्याला नोकरीवरून काढायचं, हे कुठल्या जन्माचं देणं म्हणायचं?

ऋचाने फोनवर ऐकून घेतलं आणि वैतागली. “ममी, जस्ट से मॅच कॅन्सल्ड, लाह! व्हाय मस्ट टेल एव्हरी टाइम? यू टॉर्चर हिम, यू टॉर्चर युवरसेल्फ.” डॉक्टरांकडच्या नर्सनेही हळूच तेच सुचवलं होतं. अशा माणसांशी थोडं खोटं बोललं तर पाप लागत नाही. आणि खोटं तरी केवढंसं? इथे तर मैदानावर विजांचा इशारा वाजला की सामने रद्द होतातच. त्यात कुणाचं काय जातं?

या रविवारी मीनलला सकाळपासून उठवत नव्हतं. पाठ दुखत होती, आठवडाभर ऑफिसात हिशेबांच्या क्लोजिंगचं काम होतं. ती कशीबशी उठली, तर कॅलम तयार. बूट लखलखीत. खांद्यावर सत्काराची शाल, कारण घरात एसी चालू होता आणि त्याला हल्ली थंडी वाजायची. ओट्याजवळ उभी राहून, चहाचं आधण ठेवता ठेवता, मीनल म्हणाली, “आज मॅच रद्द आहे. विजांचा इशारा आलाय. पुढच्या रविवारी बघू.”

खिडकीतून लख्ख ऊन ओट्यावर पडलं होतं. पण कॅलमने उन्हाकडे पाहिलंच नाही. तो तिच्याकडे पाहत होता. कॉर्नरचा चेंडू उडायच्या आधी मारणाऱ्याच्या पायांकडे बघतात, तसा तिच्या पायांकडे. ती उभी होती. पाठ अर्धी त्याच्याकडे, तोंड गॅसकडे.

त्याने बुटांचे बंद सोडले नाहीत. टेबलाखालून एक खुर्ची ओढली आणि तिच्या बाजूला सरकवली. मग दुसरी ओढली आणि तिच्यासमोर स्वतः बसला. शाल नीट केली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, पूर्वी पोरं त्याच्यासमोर ठेवायची तसे.

“मीनल,” तो म्हणाला, आणि पुढचा शब्द तिच्या आईचा. “बस.”

मीनलने गॅस बंद केला आणि बसली.